इवानच्या नावाचे गहू

रहाट्या इवानच्या नावाचे उकडलेले गहू मी पाच वर्षं खाल्ले. वर साखर पेरलेले, अक्रोड घातलेले. चमचा तोंडात घालताना दर खेपेला ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणालो आणि आणखी एक चमचा मागून घेतला. त्या पाची वर्षांत इवान चांगला हिंडता-फिरता होता. डॅन्यूबच्या वरच्या अंगाला कुणाच्या तरी मळ्यात कोबीला पाणी धरत होता. त्याला मेल्यांच्या कागदावर घातलं ते मीच. तेव्हा त्याची हकिगत दुसऱ्या कुणी लिहून भागायचं नाही.

आमचं बल्गेरियातलं गाव मळेवाल्यांचं. माती काळीभोर, पण माणसी चार वाफे येतील एवढीच. म्हणून बाप्ये परमुलखात जायचे, दुसऱ्याच्या जमिनीत मिरच्या, कोबी, वांगी काढायचे. फेब्रुवारी सरताना निघायचं आणि ऑक्टोबरच्या शेवटी घर गाठायचं. त्यामुळं गावातली झाडून सारी पोरं ऑगस्ट ते नोव्हेंबरात जन्मलेली. एखादीला मे महिन्यात पोर झालं की शेजारणी बोटांवर महिने मोजायला बसत.

गावात त्या वेळी सात इवान होते. नातवाला आज्याचं नाव द्यायची आमची रीत, त्यामुळं इवान काही संपत नाहीत. ओळखायला मग एक लंगड्या इवान, एक भट्टीवाला इवान, एक घंटेवाला इवान. आमच्या इवानला रहाट्या म्हणायचे, कारण लाकडी रहाट बांधावा तर त्यानंच. माणूस लांबलचक, मान पुढं काढून चालणारा, बोलायला कमी. नदीकाठी उभा राहून पाण्याकडं नुसतं बघायचा आणि सांगायचा, चाक एवढं, डबे इतके, घोडा आंधळा असला तर उत्तम. त्यानं बांधलेला रहाट कुरकुरायचा नाही. दुसऱ्याचा कुरकुरला की यालाच दात दुखल्यासारखं व्हायचं.

जानेवारीत इवानांचा दिवस येतो. त्या दिवशी गावची तरणी पोरं एकेका इवानला उचलून यांत्रा नदीवर नेतात आणि बर्फासारख्या पाण्यात बुचकळतात. ज्याला बुडायचं नसेल त्यानं दारू पाजायची. रहाट्या पाजायचा नाही, बुडायचा. म्हणायचा, “दारू तुमच्या पोटात जाणार, पाणी माझ्या अंगावरनं जाणार. मला पाणीच परवडतंय.”

मग सगळे ओले इवान भट्टीवाल्याच्या शेगडीभोवती बसायचे आणि साव्वा पाद्री दर वर्षी तेच पुराण सांगायचे. “हे नाव मूळचं यहुद्यांचं. देवानं कृपा केली, असा त्याचा अर्थ. तिथनं ते ग्रीकांकडं आलं, त्यांचा इओआनिस झाला. आपल्याकडं आलं, इवान झालं. सर्बांचा योव्हान, रुमानियाचा इओन, हंगेरीचा यानोश, स्लोवाकांचा यान, जर्मनांचा योहान आणि लाडानं हान्स. इटलीत जा, जोवान्नी. फ्रान्सात जा, झाँ. टोप्या निराळ्या, डोकं एकच.”

“कृपा केली म्हणताय,” लंगड्या इवान म्हणायचा, “मंग एका गावात सात सात कशापायी? एकावर नीट करायची की!”

“तुझ्यावर करताना पाय निसटला त्याचा,” भट्टीवाला म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

पाद्रीबाबांचं ते पुराण मला खरं वाटलं ते परमुलखात, डॅन्यूबकाठच्या नोव्ही सादच्या बाजारात. रहाट्या आणि मी तिथं एका मळ्यावर नऊ हंगाम बरोबर होतो. चार जातीचं गाव ते. आमच्या टोपल्यांपुढं हंगेरियन पाववाली यायची, म्हणायची, यानोश, मिरच्या दाखव. तिच्या मागं जर्मन खाणावळवाला, हान्स, कोबी किती? सर्ब म्हातारा योव्हान म्हणून हाक मारायचा, मडकी विकणारा रुमानियन इओन म्हणून. रहाट्या सगळ्यांना ओ द्यायचा. मी एकदा विचारलं, “तुला चुकल्यासारखं होत न्हाई व्हय रं?”

तो म्हणाला, “एकाच पाटाचं पानी चार वाफ्यांत सोडतो न्हवं आपण? त्याला काय इचारतोस का, तुझं नाव काय म्हणून?”

रहाट्या, भट्टीवाला, लंगड्या ही टोपणनावं मात्र गावच्या वेशीपाशीच राहायची. ती परमुलखात कुणाला ठाऊक नसत. हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

एकोणीसशे चौदा सालच्या फेब्रुवारीत आम्ही निघालो, तेव्हा कालिना म्हातारीनं आपला एकुलता एक पोरगा इवान रहाट्याच्या हवाली केला. बावीस वर्षांचा गडी, बुटका, हसरा, ओठांवर सदा शीळ. निघणाऱ्याच्या पायापुढं घरची बाई तांब्याभर पाणी ओतते, प्रवास पाण्यासारखा सरळ व्हावा म्हणून. कालिनानं आपल्या पोराच्या पायापुढं ओतलं आणि उरलेलं रहाट्याच्या पायावर.

“लांबड्या,” ती म्हणाली, “दोन इवान चाललेत. दोन इवान माघारी आलं पायजेत. एक आला तर मी दार उघडायची न्हाई.”

“आनतो, आजी.”

“आनतो म्हणू नगस. शपथ घे.”

रहाट्यानं छातीवर बोटांनी क्रूस करून शपथ घेतली. त्याची बायको नेदा बाजूला उभी होती. ती म्हणाली, “माझ्यासाठी कधी एवढी शपथ घेतली न्हाई या बाबानं.”

त्याच उन्हाळ्यात लढाई पेटली. पुढच्या वर्षी मला फौजेनं बोलावून घेतलं, मी परतलो. दोघं इवान मळ्यावरच राहिले, कारण शहरांना भाजी लागतेच. अठरा सालच्या उन्हाळ्यापर्यंत कुणाकुणाच्या हातची पत्रं येत होती. त्यातल्या एकात होतं, कालिनाचा इवान रहाट्याशी भांडून वर हंगेरीत, पेस्ट शहराकडं दुसऱ्या मळ्यावर गेला. अठरा सालच्या पानगळीत पत्रं थांबली. लढाई संपली, सरहद्दी हलल्या, माणसं परतली. हे दोघं परतले नाहीत.

आता आमच्याकडं मेल्यांचा शनिवार वर्षातनं तीनदा येतो. घरची बाई गहू उकडते, थडग्यापाशी वाटते आणि पाद्रीबाबांच्या हातात दोन कागद देते. एकावर घरच्या जित्यांची नावं, एकावर मेल्यांची. बाबा दोन्ही वाचतात. जित्याचं नाव मेल्यांत वाचलं तर त्याचं आयुष्य तुटतं. मेल्याचं नाव जित्यांत वाचलं तर गहू त्याला पोचत नाहीत, तो वर उपाशी राहतो. हे सगळ्या गावाला पक्कं ठाऊक. नेदा आणि कालिना, दोघी आपापल्या इवानचं नाव जित्यांच्या कागदावर देत होत्या. कालिना ठणकावून द्यायची. नेदा कागद घडी घालून द्यायची.

वीस साली मी पुन्हा नोव्ही सादला निघालो, तेव्हा नेदा माझ्या दारात आली.

“भावजी, मला दुसरं काय नगं. त्याचं नाव कुठल्या कागदावर लिवायचं, तेवढं इचारून या. जित्ता आसंल तर शिव्या घालीन. मेला आसंल तर दोन वर्सं उपाशी ठेवलाय मी त्याला.”

मी गेलो. पाववालीला विचारलं, यानोश? ती म्हणाली, त्या पानगळीपासनं दिसला नाही. सर्ब म्हातारा योव्हानचं नाव काढताच पाठ फिरवून गेला. लढाईत आम्ही आणि सर्ब आमनेसामने होतो, बल्गेरियन माणसाविषयी बोलायचे ते दिवस नव्हते. मडकीवाला मरून गेला होता. शेवटी जर्मन खाणावळवाल्यानं मला त्यांच्या दफनभूमीत धाडलं. तिथला खड्डे खणणारा म्हणाला, “हान्स? बल्गेरियन मळेवाला? आहे की. अठराचा नोव्हेंबर, तापाची साथ. एका आठवड्यात अकरा पुरले मी.” आणि त्यानं मला एका लाकडी क्रूसापाशी नेलं. डांबरानं लिहिलं होतं, हान्स. खाली, बल्गेरियन.

मी टोपी काढली. चिमूटभर माती रुमालात बांधली. हान्स लांब होता का बुटका, एवढं विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. दुसरा तर पेस्टला गेलेला, असं धरून मी चाललो होतो.

नेदाला सांगितलं तेव्हा ती कांदे निवडत होती. उरलेले कांदे निवडून झाल्यावर तिनं विचारलं, “क्रूस उभा हाय का कलंडलाय?”

“उभा हाय, वयनी.”

“मंग बरंय.” आणि ती काळा रुमाल शोधायला आत गेली.

त्या नोव्हेंबरच्या शनिवारी तिनं अर्धी कढई गहू उकडले. कालिना म्हातारी तिच्या शेजारी उभी राहून तिला धीर देत होती. “रड, पोरी. तुजं कळलं तरी. माजा पेस्टला हाय, लिवायला आळशी. बापावर गेलाय.” आणि तिनं वाटीभर गहू खाल्ले, देव रहाट्याला क्षमा करो म्हणून.

अशी पाच वर्षं गेली. पंचवीसच्या ऑक्टोबरात, मळेवाले परतायच्या दिवसांत, संध्याकाळी मी दारात मिरच्यांच्या माळा ओवत होतो. मान पुढं काढून कोणी चढण चढून आला. माझ्या हातातला दोरा सुटला. मिरच्या पायऱ्यांवरनं गडगडत खाली गेल्या.

“मिन्चो,” रहाट्या म्हणाला, “उचल त्या. मी काय भूत न्हाई.”

मी क्रूस केला. एकदा, दोनदा. त्यानं माझा हात धरला, तेव्हा तो ऊन लागला.

“वर स्लोवाकांच्या पोझोन्यच्या बाजारात मला शेजारच्या गावचा एकजण भेटला,” तो सांगायला लागला. “मी तिथं यान म्हणून ऱ्हात हुतो. मला बघून टोपली टाकली त्यानं आन् बोंबलला, इवान, आरं तुझं गहू खाल्लेत मी! मंग त्यानं सगळं सांगितलं. तू माझी कबर बघून आलास म्हणं.”

“हान्स लिवलं हुतं.”

“तो कालिनाचा.”

मी वाकून मिरच्या गोळा करायला लागलो.

“भांडून गेला, पर तापानं फनफनत माघारी आला. कुटं जानार? माझ्या खोपटात चार दिवस हुता. तिथं तोबी हान्स, मीबी हान्स. कपडं, पट्टा, सगळं जाळलं सरकारी लोकांनी. माझ्या हातात टोपीसुद्धा ठेवली न्हाई.” तो पायरीवर बसला. “म्हातारीला काय सांगू? म्हनून वर वर सरकत गेलो. ह्या मळ्यावरनं त्या मळ्यावर. सात वर्सं.”

“आन् नेदा?”

“नेदाची लाज वाटली. म्हातारीची भीती वाटली. भीती मोठी निघाली.”

“मंग आता कसा आलास?”

“तो गडी म्हनला, म्हातारी त्याला जित्यांत वाचून घेती. म्हंजी माझं गहू माझ्याकडं आलं, मी तर खातोयच. आन् तो सात वर्सं वर उपाशी. त्याला शेवटचा पाण्याचा घोट पाजणारा मी एकटा, मिन्चो. मला झोप येईना.”

नेदाकडं मी त्याला नेलं. ती उंबऱ्यात उभी राहिली, काळा रुमाल बांधलेली. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हातातला लाकडी डाव तिनं त्याच्या खांद्यावर हाणला, एकदा नव्हे, डाव मोडेतोवर. त्यानं हात वर केला नाही. मोडलेला तुकडा चुलीत टाकून ती म्हणाली, “घेवड्याचं कालवण हाय. दोघांपुरतं न्हाई. पानी वततेय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कालिनाकडं गेलो, पाद्रीबाबा पुढं. म्हातारी अंगणात भोपळ्याच्या बिया वाळवत होती. रहाट्याला बघून ती उठली आणि हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला.

“आलास व्हय मेल्या! आन् माजा कुटाय? मागं ऱ्हायला?”

रहाट्यानं सांगितलं. एका दमात, मान खाली घालून, सगळं. ताप, चार दिवस, क्रूस. मी सांगितलं की मी पाहिलेली कबर तीच. म्हातारी ऐकत होती. हातानं बिया पसरत होती.

“पाद्रीबाबा,” ती शेवटी म्हणाली, “ह्या लांबड्याला पाच वर्सं मेल्यांत वाचलंत ना तुमी?”

“वाचला, कालिना. चूक झाली.”

“ह्यो मिन्चो डोळ्यानं कबर बघून आला हुता ना?”

मी मान डोलावली.

“आन् ह्यो तर सोता मेलेला. मेल्याची साक्ष मी का घिऊ? तुमी एकदा चुकला, आता दुसऱ्यांदा चुकताय.” तिनं मूठभर बिया रहाट्याच्या हातात कोंबल्या. “खा. तू आलास, तसा तोबी यील. आज सात वर्सांनी मला खरी आशा लागली बग.”

पाद्रीबाबा बोलायला गेले. ती घरात जाऊन चुन्याची बादली घेऊन आली आणि दाराची चौकट रंगवायला लागली. आम्ही उभेच.

एवढ्यावर थांबलं नाही. रहाट्या परतल्याची बातमी फुटली आणि त्या आठवड्यात आणखी तीन आयांनी पाद्रीबाबांकडून मेल्यांचे कागद मागून घेतले. त्यांची पोरं लढाईत मेलेली, तशी फौजेची पत्रं घरात होती. तिघींनी नावं जित्यांच्या कागदावर चढवली. पाद्रीबाबा माझ्याकडं येऊन ओरडले, “तू एकाला चुकून पुरलंस आणि ह्या चौघांना उठवून बसवतायत! मी वाचू काय?” रहाट्याकडं बघायला लोक येत, त्याला हात लावून बघत, आणि तो मेलेल्या पोरांच्या आयांच्या नजरेपुढं नुसता उभा राहायचा. घरातनं निघेनासा झाला. रहाट बांधायला कुणी बोलावलं तर म्हणायचा, हात चालत नाहीत. जानेवारीत इवानांच्या दिवशी पोरं त्याला उचलायला गेली नाहीत. ज्याच्या नावाचे गहू खाल्ले त्या माणसाला पाण्यात कसं बुचकळायचं, त्यांना उमगेना.

पुढच्या नोव्हेंबरच्या शनिवारी सकाळी मी नेदाकडं गेलो तर रहाट्या चुलीपुढं बसून गहू ढवळत होता. बाप्या माणूस, आणि गहू! नेदा भिंतीला टेकून उभी होती.

“म्या म्हनलं, मी करते,” ती म्हणाली. “ऐकत न्हाई. बायकोनं केलं तर नवऱ्याचं हुतील म्हनतोय.”

दफनभूमीत तो कढई घेऊन आला तेव्हा बायका रुमालाआड हसल्या. एक म्हणाली, “सोताचं गहू सोता वाटतोय बया!” त्यानं पाद्रीबाबांच्या हातात कागद दिला. त्यावर एकच नाव. बाबांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि वाचलं, “इवान.” थोड्या वेळानं जित्यांच्या कागदांत कालिनाचा आला, आणि बाबांनी तेही वाचलं, “इवान.” आवाज तोच.

रहाट्या वाटत वाटत कालिनापाशी आला. म्हातारीनं चमचा घेतला नाही.

“कुठला रं इवान ह्यो? तुज्या घरात तर कोन मेलं न्हाई.”

रहाट्या कढई छातीशी धरून उभा होता.

“मीच, आजी,” तो म्हणाला. “पाच वर्सं मेलो हुतो न्हवं? तवाचं थोडं ऱ्हायलंय.”

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. वारा होता, मेणबत्त्या विझत होत्या, नेदा एक एक परत पेटवत होती. मग कालिनानं हात पुढं केला. त्यानं तिच्या तळव्यावर चमचाभर गहू घातले.

“देव इवानला क्षमा करो,” म्हातारी म्हणाली आणि तोंडात टाकले. खूप वेळ चावत राहिली.

“कच्चं ऱ्हायलंत,” ती म्हणाली. “फुडल्या बारीला रातभर भिजत घाल.”